दमा व सीओपीडी : श्वासनलिकांच्या भिंतीत होणारे बदल आणि ते रोखण्याचे उपाय

कुटुंबांसाठी व आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक कशासाठी

दम्याचा झटका आला की छातीतून शिटीसारखा आवाज येतो आणि श्वास अपुरा पडतो. इन्हेलरचे फवारे घेतल्यावर किंवा दवाखान्यात वाफेवाटे औषध दिल्यावर थोड्याच वेळात आराम पडतो. आजार गेला असे समजून रोजचे औषध बंद केले जाते. दुसरीकडे, अनेक वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या व्यक्तीला जिना चढताना धाप लागू लागते. परंतु “आता वय झाले” असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

या दोन्ही प्रसंगी एक गोष्ट नजरेआड राहते. दमा आणि दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार म्हणजेच सीओपीडी या आजारांत श्वासनलिकेच्या भिंतीची रचना हळूहळू बदलत जाते. हा बदल धाप लागत नसतानाही चालू राहू शकतो. त्यातील काही भाग उपचाराने पूर्ववत होतो, काही भाग कायमचा राहतो. कोणता बदल केव्हा व कसा होतो हे समजल्यास, बरे वाटत असतानाही औषध का घ्यावयाचे आणि धुराचा संपर्क आजच का थांबवायचा, हे स्पष्ट होईल.

भारताच्या दृष्टीने हा विषय मोठा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय रोगभार अभ्यासानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे ५.५३ कोटी आणि दम्याचे सुमारे ३.७९ कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के असताना दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगभर गमावल्या जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांपैकी ३२ टक्के वर्षे भारतातील होती.

१. निरोगी श्वासनलिका कशी असते

घशाखालून निघणारी मुख्य श्वासनलिका प्रौढ व्यक्तीत साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. ती छातीत दोन शाखांत विभागते आणि पुढे झाडाच्या फांद्यांप्रमाणे सुमारे २३ वेळा विभागत जाते. अखेरच्या टोकांना हवेचे बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या कोट्यवधी असून प्राणवायू रक्तात मिसळण्याचे काम तेथे होते. श्वासनलिकांचे काम हवा तेथपर्यंत नेणे व परत आणणे हे आहे. दिवसभरात सुमारे १० हजार लिटर हवा या मार्गाने ये-जा करते.

श्वासनलिकेच्या भिंतीला अनेक थर असतात. ते आतून बाहेर असे समजून घ्यावेत.

पहिला थर अस्तराचा. या अस्तरावरील पेशींना अतिशय बारीक रोम असतात. ते सतत एकाच दिशेने हलत राहतात. अस्तरातील काही पेशी चिकट स्राव तयार करतात. हवेतील धूळ व जंतू या स्रावात अडकतात आणि रोम त्यांना घशाकडे ढकलतात. फुप्फुसांची ही रोजची साफसफाई आहे.

दुसरा थर म्हणजे अस्तराखालचा पातळ आधारपडदा. निरोगी माणसात त्याची जाडी केवळ काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते.

तिसऱ्या थरात रक्तवाहिन्या, स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी आणि नळीभोवती गुंडाळलेला स्नायू असतो. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. तो आवळला की नळी अरुंद होते, सैल पडला की रुंद होते.

मोठ्या नळ्यांना सर्वांत बाहेरून कूर्चेचा आधार असतो, त्यामुळे त्या मिटत नाहीत. सूक्ष्म श्वासनलिकांना असा आधार नसतो. भोवतालच्या वायुकोशांच्या भिंती त्यांना चारी बाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. तंबूचे दोर ताणलेले असले म्हणजे तंबू उभा राहतो, तसेच येथे घडते. सीओपीडीत काय होते हे समजण्यासाठी ही रचना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. नळी थोडी अरुंद झाली तर इतका त्रास का होतो

संथ वाहणाऱ्या हवेला नळीतून होणारा विरोध नळीच्या रुंदीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. नळीचा व्यास निम्मा झाला तर विरोध दुपटीने नव्हे, तर सुमारे १६ पटीने वाढतो. म्हणून भिंतीची जाडी थोडीशी वाढली तरी श्वास घेण्याचे श्रम बरेच वाढतात.

याचा आणखी एक परिणाम होतो. निरोगी श्वासनलिकेचा स्नायू थोडा आवळला तर माणसाला काही जाणवतही नाही. भिंत आधीच जाड झालेली असेल, तर स्नायूच्या तेवढ्याच आवळण्याने आतील मार्ग जवळजवळ बंद होऊ शकतो. वर्षानुवर्षे अनियंत्रित राहिलेल्या दम्यात किरकोळ धूळ, थंड हवा किंवा साधी सर्दी यांनीही तीव्र झटका येऊ शकतो, त्याचे हे एक कारण आहे.

३. दम्यामध्ये भिंतीत काय बदलते

दम्याचे मूळ श्वासनलिकेच्या अस्तराला येणाऱ्या दाहात आहे. धुळीतील कीटक, परागकण, बुरशी, पाळीव प्राण्यांचा कोंडा, धूर, विषाणूजन्य सर्दी अशा कारणांनी हा दाह वाढतो. त्यानंतर होणारे बदल दोन प्रकारचे असतात.

*त्वरित होणारे बदल.* स्नायू आवळतो, अस्तर सुजते आणि चिकट स्राव वाढतो. हे बदल काही मिनिटांत किंवा तासांत होतात आणि योग्य औषधाने ओसरतात. रुग्णाला जाणवतो तो झटका हाच.

*सावकाश होणारे बदल.* दाह पुन्हा पुन्हा होत राहिला की शरीर त्या जागेची दुरुस्ती करू लागते. ही दुरुस्ती मात्र पूर्वीसारखी होत नाही. घराच्या भिंतीला दरवर्षी जुना गिलावा न काढता नवा गिलावा दिला, तर भिंत मजबूत दिसते, परंतु खोली आतून लहान होत जाते. श्वासनलिकेतही तसेच घडते :

- आधारपडद्याखाली कोलॅजन नावाचे तंतू साचतात आणि तो भाग जाड होतो. दम्याने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत ही जाडी आढळल्याची नोंद १९२२ सालीच झाली होती. पुढे सौम्य दम्यातही ती दिसून आली. वारंवार तीव्र घरघर होणाऱ्या, शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील बालकांतही ती आढळली आहे.
- नळीभोवतीचा स्नायू आकाराने व संख्येने वाढतो. वाढलेला स्नायू अधिक जोराने आवळतो.
- स्राव तयार करणाऱ्या पेशी व ग्रंथी वाढतात. तीव्र झटक्यात या घट्ट स्रावाचे गोळे नळीत अडकून बसू शकतात.
- भिंतीत नवीन रक्तवाहिन्या तयार होतात. त्यांतून द्रव झिरपून सूज वाढते.
- अस्तराच्या पेशी सैल होऊन गळतात, त्यामुळे जंतू व धूळ यांना आत शिरणे सोपे जाते.

पूर्वी असे मानले जात होते की हे सर्व बदल केवळ दाहामुळे होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य दमा असलेल्या व्यक्तींच्या श्वासनलिका औषधाच्या साहाय्याने, दाह न वाढवता, काही वेळा आवळण्यात आल्या. काही दिवसांतच त्यांच्या भिंतीत कोलॅजन वाढल्याचे दिसले. नळीचे वारंवार आवळले जाणे हेदेखील भिंत जाड होण्यास कारणीभूत ठरते, असा याचा अर्थ आहे. त्यामुळे झटका आल्यावर औषध घेणे पुरेसे नाही. झटका येऊच नये यासाठी उपचार घेणे आवश्यक आहे.

४. सीओपीडीमध्ये काय बदलते

सीओपीडीचे मुख्य कारण म्हणजे अनेक वर्षे फुप्फुसांत जाणारा धूर, धूळ व वायू. बिडी, सिगारेट, हुक्का व चिलीम यांचा धूर. लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा व कोळसा जाळून होणारा स्वयंपाकघरातील धूर. खाणी, दगडफोड, कापड गिरण्या व वीटभट्ट्यांतील धूळ. आणि शहरातील प्रदूषित हवा ही आपल्या देशातील प्रमुख कारणे आहेत. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्तींमध्येही श्वासनलिकांना कायमची इजा राहू शकते.

सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज चुकीचा आहे. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या आकडेवारीनुसार भारतात सीओपीडीमुळे होणाऱ्या रोगभारापैकी सुमारे ५३.७ टक्के भार घरातील व बाहेरील वायुप्रदूषणाशी आणि सुमारे २५.४ टक्के भार तंबाखूच्या वापराशी निगडित होता. आयुष्यात कधीही बिडी न ओढलेल्या स्त्रीलाही चुलीच्या धुरामुळे हा आजार होऊ शकतो.

या आजारात तीन ठिकाणी बदल होतात.

*मोठ्या श्वासनलिकांत* स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी वाढतात आणि अस्तरावरील रोम नष्ट होतात. स्राव अधिक तयार होतो, परंतु तो वर ढकलणारी यंत्रणा उरत नाही. तो खोकूनच काढावा लागतो. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने बेडकायुक्त खोकला राहिल्यास त्याला दीर्घकालीन श्वासनलिकादाह म्हणतात. “हा नेहमीचाच खोकला आहे” असे म्हणून त्याची सवय करून घेऊ नये.

*सूक्ष्म श्वासनलिकांत,* म्हणजे २ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नळ्यांत, भिंतीभोवती तंतुमय व्रण तयार होतो आणि नळी आवळली जाते. यांपैकी अनेक नळ्या कालांतराने पूर्णपणे नाहीशा होतात. चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत सूक्ष्म नळ्यांतील व्रण विशेष ठळक असतो, तर तंबाखूच्या धुराने होणाऱ्या आजारात वायुकोशांचा नाश तुलनेने अधिक दिसतो.

*वायुकोशांत* भिंती फाटून लहान लहान फुग्यांचे मोठे पोकळ कप्पे बनतात. यास वातस्फीती म्हणतात. प्राणवायू शोषणारे क्षेत्र कमी होते. शिवाय सूक्ष्म नळ्यांना उघडे ठेवणारे ताणच नाहीसे होतात. दोर तुटलेला तंबू जसा खाली बसतो, तशा या नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि हवा आतच अडकते. म्हणून सीओपीडीच्या रुग्णास श्वास घेण्यापेक्षा सोडणे अधिक जड जाते, छाती फुगलेली दिसते आणि चालताना धाप वाढते.

५. दमा व सीओपीडी यांतील फरक

दमा बहुधा बालपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. मात्र तो कोणत्याही वयात होऊ शकतो. त्याचा त्रास कमी-अधिक होत राहतो, रात्री व पहाटे वाढतो, आणि मधल्या काळात रुग्ण अगदी ठीक असू शकतो. सीओपीडीची लक्षणे बहुधा वयाच्या चाळिशीनंतर दिसू लागतात आणि हळूहळू वाढत जातात.

काही रुग्णांत दोन्ही आजारांची लक्षणे एकत्र आढळतात. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या दम्यातही नळीचा अरुंदपणा कायमचा होऊ शकतो. दमा असलेल्या व्यक्तीने धूम्रपान केल्यास हा धोका बराच वाढतो. निदान लक्षणांवरून घरी ठरवू नये. त्यासाठी तपासणी आवश्यक आहे.

६. बदल लवकर लक्षात का येत नाहीत

सूक्ष्म श्वासनलिका प्रत्येकी बारीक असल्या तरी त्यांची संख्या फार मोठी आहे. त्यामुळे निरोगी फुप्फुसात हवेला होणाऱ्या एकूण विरोधात त्यांचा वाटा अल्प असतो. यांतील अनेक नळ्या निकामी झाल्या तरी उरलेल्या नळ्या काम भागवतात. माणसाला धाप जाणवू लागते तोपर्यंत बरीच हानी झालेली असते.

दुसरे कारण सवयीचे आहे. धाप लागू लागली की माणूस नकळत चालण्याचा वेग कमी करतो, जिना टाळतो, पाण्याची घागर दुसऱ्याला आणायला सांगतो. काम कमी झाल्यामुळे धापही कमी जाणवते आणि आजार लपून राहतो. पूर्वी सहज होणारे कोणते काम आपण गेल्या वर्षभरात सोडून दिले, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारावा.

*स्पायरोमेट्री* ही या आजारांच्या निदानाची मुख्य तपासणी आहे. रुग्णाने दीर्घ श्वास घेऊन तो नळीत जोराने व पूर्णपणे सोडावयाचा असतो. तपासणीत सुई टोचावी लागत नाही. पहिल्या सेकंदात एकूण हवेपैकी किती हवा बाहेर पडली हे यंत्र मोजते. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास सीओपीडीची शक्यता असते. औषधानंतर फुंकीत लक्षणीय सुधारणा झाल्यास ती बहुधा दम्याची खूण असते. केवळ क्ष-किरण छायाचित्र स्वच्छ आले म्हणून हे आजार नाहीत असे मानू नये.

गावपातळीवर आशा कार्यकर्त्या ३० वर्षांवरील व्यक्तींची जी पडताळणी सूची भरून घेतात, तीत धाप, खोकला आणि स्वयंपाकाच्या इंधनाविषयीही प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी व पूर्ण द्यावीत.

७. कोणते बदल पूर्ववत होतात

*बहुतांशी पूर्ववत होणारे :* स्नायूचे आवळणे, अस्तराची सूज, स्रावाची वाढ. योग्य औषध नियमित घेतल्यास यांवर नियंत्रण मिळते.

*काही प्रमाणात कमी होणारे :* दम्यातील दाहामुळे झालेले अस्तराचे नुकसान, नव्या रक्तवाहिन्या आणि आधारपडद्याची जाडी. श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड औषध अनेक महिने नियमित घेतल्यास यांत काही सुधारणा आढळली आहे.

*पूर्ववत न होणारे :* वायुकोशांचा नाश आणि नाहीशा झालेल्या सूक्ष्म नळ्या. यांवर आज कोणतेही औषध उपलब्ध नाही. “सीओपीडी मुळापासून बरा करतो” असा दावा करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

मात्र हानी थांबवणे किंवा तिचा वेग कमी करणे शक्य आहे. वयाच्या पंचविशीनंतर प्रत्येकाची फुप्फुसक्षमता थोडी थोडी कमी होत जाते. अमेरिका व कॅनडात ११ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, धूम्रपान कायमचे सोडलेल्या व्यक्तींची पहिल्या सेकंदाची फुंक वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटली, तर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांची सुमारे ६० मिलिलिटरने घटली. गेलेली क्षमता परत आली नाही, परंतु पुढील घसरण निम्म्यावर आली. म्हणून साठीनंतर बिडी सोडण्याचाही लाभ होतो.

दम्याविषयीही असाच अनुभव आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, तीव्र झटका येऊन गेलेल्या रुग्णांची फुप्फुसक्षमता तीन वर्षांत इतरांपेक्षा जास्त घटल्याचे दिसले. श्वासावाटे स्टिरॉइड औषध कमी मात्रेत नियमित घेणाऱ्यांमध्ये झटक्यानंतरची ही जादा घट आढळली नाही.

८. औषधांविषयीचे समज व वस्तुस्थिती

*“बरे वाटते, आता इन्हेलर नको.”* दम्याची औषधे दोन प्रकारची असतात. एक स्नायू सैल करून तात्काळ आराम देते. सालब्युटामॉल हे त्यांपैकी एक. दुसरे दाह कमी करते. ब्युडेसोनाइड हे त्यांपैकी एक. पहिल्याचा परिणाम लगेच जाणवतो, दुसऱ्याचा जाणवत नाही. म्हणून दुसरेच औषध बहुधा बंद केले जाते. केवळ पहिल्या औषधावर राहिल्यास नळी सैल होते, परंतु भिंतीतील दाह चालूच राहतो. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्था ‘जीना’ हिने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ सालब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये अशी शिफारस केली आहे. औषधाची मात्रा कमी करणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

*“इन्हेलरची सवय लागते.”* इन्हेलरचे व्यसन लागत नाही. आजार दीर्घकालीन असल्यामुळे उपचारही दीर्घकाळ घ्यावा लागतो. चष्मा वापरल्याने डोळ्यांना व्यसन लागत नाही, तसेच हे आहे.

*“इन्हेलर हा शेवटचा उपाय.”* इन्हेलरमधून औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीच्या तुलनेत फार कमी मात्रा पुरते आणि दुष्परिणामही कमी होतात. त्याचा वापर सुरुवातीपासून करावयाचा असतो.

*“स्टिरॉइडमुळे मुलांची वाढ खुंटते.”* श्वासावाटे दिलेल्या नेहमीच्या मात्रेमुळे उंचीवर परिणाम झालाच, तर तो साधारण १ सेंटिमीटरचा असतो. अनियंत्रित दमा मुलाची झोप, शाळा, खेळ व वाढ या सर्वांना बाधा आणतो आणि जिवालाही धोका निर्माण करतो. याउलट, नाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्यांची पूड मिसळलेली असू शकते. अशा पुड्या दीर्घकाळ घेणे घातक आहे.

*इन्हेलर घेण्याची रीत.* फवाऱ्याचे इन्हेलर हलवून घ्यावे. श्वास पूर्ण सोडावा. ओठ घट्ट मिटून, सावकाश श्वास आत घेण्यास सुरुवात करताच फवारा दाबावा. श्वास सुमारे १० सेकंद रोखून धरावा. मुलांनी व वृद्धांनी स्पेसर नावाचे नळकांडे जोडून फवारा घ्यावा. कोरड्या पुडीचे इन्हेलर मात्र जोराने व खोल ओढावयाचे असते. स्टिरॉइड असलेले औषध घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकावे. आरोग्य केंद्रात दर भेटीस आपली पद्धत परिचारिकेला करून दाखवावी. औषध योग्य असूनही पद्धत चुकल्यास ते तोंडातच राहते.

९. घरात करावयाचे उपाय

१. स्वयंपाकासाठी गॅस किंवा वीज वापरावी. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे २०१६ पासून पात्र कुटुंबांतील स्त्रियांना गॅसजोडणी देते. जोडणी मिळाल्यावरही चूल चालू ठेवल्यास धुराचा धोका कायम राहतो. पाणी तापवण्यासाठीही चूल घरात पेटवू नये. चुलीला पर्याय नसेल तोवर ती उघड्यावर किंवा धुराडे व खिडकी असलेल्या जागी ठेवावी. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना धुराजवळ बसवू नये.

२. घरात कोणीही धूम्रपान करू नये. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ येथे मार्गदर्शन मिळते.

३. बंद खोलीत डास पळवणारी कॉइल, धूप किंवा अगरबत्ती जाळू नये. मच्छरदाणी वापरावी. कचरा व पालापाचोळा जाळू नये.

४. अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. भिंतीवरील ओल व बुरशी काढावी.

५. धुळीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी योग्य मास्क वापरावा व धूळ दाबण्यासाठी पाण्याचा वापर करावा. तोंडावर बांधलेला रुमाल बारीक धूळ थांबवत नाही.

६. इन्फ्ल्यूएन्झा व न्यूमोकोकल लशींविषयी डॉक्टरांना विचारावे. संसर्गामुळे आजार बळावतो.

७. रोज चालणे व शिकवलेले श्वसनाचे व्यायाम चालू ठेवावेत. सीओपीडीत थोडी धाप लागली तरी चालणे हितकारक असते. बसून राहिल्याने स्नायू अशक्त होतात आणि धाप वाढते.

बालपणाकडे विशेष लक्ष द्यावे. फुप्फुसे वयाच्या साधारण विसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीओपीडी असलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींची फुप्फुसक्षमता तरुणपणीच अपुरी राहिलेली आढळली. जन्मतः कमी वजन, बालपणातील न्यूमोनिया आणि घरातील धूर यांचा या वाढीवर परिणाम होतो. आज बालकाला धुरापासून दूर ठेवणे म्हणजे त्याच्या पन्नाशीतील श्वासाची काळजी घेणे होय.

१०. तातडीने रुग्णालयात केव्हा न्यावे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये :

- धाप इतकी की एक वाक्यही सलग बोलता येत नाही. बालकाला दूध ओढता येत नाही
- ओठ किंवा नखे निळसर होणे
- श्वास घेताना बरगड्यांमधील व गळ्याखालील भाग आत ओढला जाणे
- सुस्ती, गोंधळलेपण किंवा भान हरपणे
- तात्काळ आराम देणारे औषध घेऊनही आराम न पडणे किंवा थोड्याच वेळात पुन्हा धाप लागणे
- छातीतील आवाज एकाएकी बंद होणे आणि तरीही धाप वाढणे. ही सुधारणा नसून नळ्यांतून हवाच जात नसल्याची खूण असू शकते.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, गर्दी टाळावी. रुग्णवाहिका येईपर्यंत तात्काळ आराम देणारे इन्हेलर स्पेसरसह, एका वेळी एक फवारा याप्रमाणे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात द्यावे. स्पेसर नसल्यास ५०० मिलिलिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीच्या बुडाला इन्हेलरच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून ती तात्पुरती वापरता येते.

लक्षात ठेवावे

- धाप थांबली तरी श्वासनलिकेच्या भिंतीतील दाह थांबलेला असेलच असे नाही.
- दम्याचे प्रतिबंधक औषध बरे वाटत असतानाही चालू ठेवावे.
- सीओपीडीत गेलेले वायुकोश परत येत नाहीत. उरलेले जपणे आपल्या हाती आहे.
- दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला किंवा वाढती धाप असल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अशा खोकल्यात क्षयरोगाचीही तपासणी करून घ्यावी.
- चुलीचा धूर व तंबाखूचा धूर हे दोन्ही श्वासनलिकांना सारखेच अपायकारक समजून टाळावेत.

हे पत्रक वाचून झाल्यावर घरातील ज्या व्यक्तीला वाचता येत नाही, तिला मोठ्याने वाचून दाखवावे.